न ऐकता दिलेले उत्तर ही खोटी साक्षच

एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "माझे दीर बालकांचा बाप्तिस्मा मुळीच मानत नाहीत. ज्याने स्वतः विश्वास कबूल केला आहे त्याचाच बाप्तिस्मा खरा, असे ते ठामपणे सांगतात. माझी श्रद्धा याच्या उलट आहे. आमच्यात दर वेळी वाद होतो आणि तो कडवटपणे संपतो. शास्त्र एकीकडे सत्यात स्थिर राहा आणि खोट्या शिक्षणापासून दूर राहा असे सांगते, आणि दुसरीकडे ऐकायला तत्पर असा असेही सांगते. जे मला चुकीचे वाटते ते मी का ऐकून घ्यावे? ऐकत राहिले तर माझाच विश्वास डळमळीत होणार नाही का? आणि ऐकायचेच असेल तर ते कसे?"

मी 26 वर्षे पाळकीय सेवेत आहे आणि त्यातला बराच काळ मंडळ्यांमधले वाद मिटवण्यात गेला आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो. बालकांच्या बाप्तिस्म्याबद्दल कोण बरोबर आहे याचा निवाडा मी येथे करणार नाही. तुमचा प्रश्न तो नाही, आणि तो निवाडा मी केला तरी तुमच्या घरातला कडवटपणा त्याने कमी होणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. ऐकून घेणे म्हणजे सौम्यपणा, समजूतदारपणा किंवा घरात शांतता राखण्याची युक्ती, असे आपण सहसा समजतो. पवित्र शास्त्रात ऐकण्याचा पहिला संबंध न्यायाशी आहे. शलमोनाला देवाने हवे ते मागायला सांगितले तेव्हा त्याने जे मागितले, त्याचा मूळ इब्री भाषेतला शब्दशः अर्थ "ऐकणारे हृदय" असा आहे (1 राजे 3:9). आपल्या परिचयाच्या भाषांतरांत तेथे विवेक किंवा समज अशा अर्थाचे शब्द येतात. त्याने हे हृदय लोकांचा न्याय करता यावा म्हणून मागितले होते. लगेच पुढे एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांची कथा येते. तलवार मागवण्याची आज्ञा सर्वांच्या लक्षात राहते, परंतु तिच्या आधीचे 23वे वचन बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तेथे राजा स्वतःचे काहीच बोलत नाही. ही स्त्री असे म्हणते की जिवंत मुलगा माझा आणि मेलेला तुझा, आणि ती स्त्री म्हणते की नाही, मेलेला तुझा आणि जिवंत माझा, असे दोघींचे म्हणणे तो त्यांच्याच शब्दांत पुन्हा उच्चारतो. तलवार मागवतो ती त्यानंतर. मंडळीतला तंटा ऐकायला बसण्यापूर्वी मी हे वचन वाचून घेतो.

नीतिसूत्रांच्या 18व्या अध्यायात हाच विचार दोनदा आला आहे. ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणे हे मूर्खपणाचे व लाजेचे आहे, असे 13वे वचन सांगते. जो आपली बाजू आधी मांडतो तो खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो, असे 17वे वचन सांगते. आपल्या मनात आपली बाजू नेहमीच आधी मांडलेली असते, म्हणून आपण आपल्याला नेहमी खरे वाटतो. विरोधी मताचा माणूस 17व्या वचनातल्या त्या दुसऱ्या माणसाचे काम करत असतो, आणि त्याला बोलू न देणे म्हणजे तपासणीला नकार देणे होय.

आता माझ्या मते या विषयाच्या मुळाशी असलेल्या मुद्द्याकडे येतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा (आपापल्या परंपरेप्रमाणे कोणी हिला आठवी मोजतात, कोणी नववी) आपण सहसा न्यायालयापुरती किंवा चहाडीपुरती मर्यादित ठेवतो. परंतु ज्याचे म्हणणे आपण नीट ऐकलेलेच नाही त्याचे मत चारचौघांत "तो असे मानतो" म्हणून सांगणे आणि मग त्याचे खंडन करणे, हीदेखील खोटी साक्षच आहे. हा अर्थ मी पदरचा काढलेला नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1529 साली लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत (विश्वासाचे शिक्षण प्रश्नोत्तरांतून देणाऱ्या पुस्तिकेत) या आज्ञेचे स्पष्टीकरण देताना सांगितले की शेजाऱ्याची बाजू सावरावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. 1563 सालच्या, सुधारित (रिफॉर्म्ड) पंथाच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतला 112वा प्रश्न याच आज्ञेवर आहे, आणि कोणालाही घाईने व त्याचे न ऐकता दोषी ठरवू नये, तसे ठरवणाऱ्यांत सामीलही होऊ नये, असे त्याच्या उत्तरात स्पष्ट म्हटले आहे. 1548 साली छापल्या गेलेल्या, येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेत अगदी सुरुवातीलाच एक सूचना आहे : प्रत्येक चांगल्या ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्याचे विधान दोषी ठरवण्यापेक्षा ते सावरण्यास अधिक तयार असावे, ते सावरता येत नसेल तर त्याला त्यातून काय म्हणायचे आहे हे विचारावे, आणि तो खरोखर चुकत असेल तर प्रेमाने सुधारावे. ल्यूथरपंथी, सुधारित आणि येशूसंघीय या तीन धारा त्या शतकात एकमेकींशी तीव्र संघर्ष करत होत्या आणि तरीही या एका बाबतीत त्या एकच गोष्ट सांगतात. इग्नेशियस यांच्या सूचनेतला क्रम महत्त्वाचा आहे. सुधारणे त्यात आहेच, पण त्याची पाळी विचारण्यानंतर येते.

ही शिकवण पाळणे किती अवघड आहे, याचे उदाहरण स्वतः ल्यूथरच्याच आयुष्यात आहे. प्रश्नोत्तरी लिहिली त्याच वर्षी, 1529च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मार्बुर्ग येथे त्याची सुधारित धारेचा स्विस धर्मसुधारक उलरिख झ्विंगली याच्याशी भेट झाली. पंधरा कलमांपैकी चौदा कलमांवर दोघे सहमत झाले. पंधरावे कलम प्रभुभोजनाविषयी होते आणि त्यातही बराचसा भाग दोघांना मान्य होता. मतभेद उरला तो भाकर व द्राक्षारसात ख्रिस्ताचे शरीर व रक्त प्रत्यक्ष उपस्थित असते का, या प्रश्नावर. ल्यूथरने मेजावर खडूने "हे माझे शरीर आहे" हे शब्द लॅटिनमध्ये लिहून ठेवले होते आणि तो त्यांच्यावरून हटला नाही. वचनाला धरून राहिल्याबद्दल मी त्याला दोष देत नाही, परंतु झ्विंगलीला बंधू म्हणून स्वीकारायलाही त्याने नकार दिला. त्यानंतर या दोन धारांमधली प्रभुभोजनाची सहभागिता अधिकृतपणे मान्य व्हायला 1973 सालचा ल्यूएनबर्ग करार व्हावा लागला, म्हणजे 444 वर्षे गेली. त्या करारात एकमेकांवरचे जुने निषेध समोरच्या मंडळीच्या आजच्या शिक्षणाला लागू पडत नाहीत असे मान्य करण्यात आले. नीतिमान ठरण्याच्या सिद्धांताविषयी ल्यूथरपंथी आणि रोमन कॅथोलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे जी संयुक्त घोषणा केली, तिच्यातही सोळाव्या शतकातले निषेध त्या घोषणेत मांडलेल्या शिक्षणाला लागू होत नाहीत असेच म्हटले आहे. दोन्ही वेळी मतभेद पूर्ण संपले नाहीत. मात्र समोरच्याने आपले म्हणणे स्वतः मांडले आणि ते ऐकले गेले, तेव्हा ज्या मताचा निषेध चालू होता ते मत समोर बसलेल्या माणसाचे नव्हते, हे उघड झाले.

शतकांच्या इतिहासात जे घडले ते एका बैठकीतही घडते. पूर्वी मी ज्या मंडळीत होतो तेथे उपासनेतला मुक्त प्रार्थनेचा व साक्षीचा वेळ कमी करावा असा प्रस्ताव मी मांडला होता. एका वडीलधाऱ्या बंधूंनी विरोध केला. ते दोन वाक्ये बोलले असतील तोच मी उत्तर द्यायला उभा राहिलो आणि जुन्या पद्धतीचा मोह कसा सोडावा लागतो यावर वचनांसहित बोललो. ते गप्प बसले आणि पुढे काही महिने उपासनेला येईनासे झाले. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पाळकसाहेब, तुम्ही ज्याला उत्तर दिलेत तो माणूस मी नव्हतो." जुन्या पद्धतीशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्यांचा आक्षेप 1 पेत्र 2:9 वर आधारलेला होता. सर्व विश्वासणारे राजकीय याजकगण (म्हणजे देव जो राजा त्याचे याजक) असतील, तर उपासनेत एकट्या पाळकाचाच आवाज ऐकू येणे योग्य नाही, असे त्यांना म्हणायचे होते. मी त्यांच्या तोंडी एक मत घातले, सगळ्यांसमोर ते खोडून काढले आणि त्याला सत्याची बाजू घेणे समजलो. पुढच्या बैठकीत, जेथे ते शब्द उच्चारले होते तेथेच, मी त्यांचे म्हणणे त्यांच्या संमतीने पुन्हा मांडले आणि माझी चूक कबूल केली. प्रस्ताव थोड्या बदलाने मंजूर झाला, त्यांनी विरोधी मत दिले, आणि त्या रविवारपासून ते पुन्हा उपासनेला येऊ लागले.

ऐकल्याने विश्वास डळमळीत होईल ही तुमची भीती मी हलकी लेखत नाही. परंतु प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचे 10 ते 15 हे अध्याय सलग वाचून पाहा. पेत्र कर्नेल्य या परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, माणसाच्या घरी गेला म्हणून यरुशलेमेतल्या विश्वासणाऱ्यांनी त्याला जाब विचारला. तेव्हा त्याने अधिकार दाखवून त्यांना गप्प केले नाही, तर सारी हकिगत पहिल्यापासून क्रमाने सांगितली, आणि ते ऐकून त्यांचा विरोध मावळला (11:4, 18). पंधराव्या अध्यायात प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण परराष्ट्रीयांची सुंता झाली पाहिजे असे म्हणणारेही विश्वासणारेच होते, परूशी पंथातून आलेले. सुवार्तेचाच प्रश्न असूनही त्यांना सभेबाहेर ठेवले गेले नाही. बराच वादविवाद झाल्यावर पेत्र उभा राहिला असे 7वे वचन सांगते, आणि सर्व समुदाय गप्प राहून बर्णबा व पौल यांचे ऐकू लागला असे 12वे वचन सांगते. निर्णय त्या परूशी बंधूंच्या विरोधात गेला आणि सुंतेची अट नाकारली गेली. मात्र त्या निर्णयाच्या पत्रात मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्याची सूचना आली, आणि तिचे कारण देताना याकोबाने प्रत्येक शब्बाथ दिवशी सभास्थानांत वाचल्या जाणाऱ्या मोशेची आठवण दिली. मला यातून असे दिसते की हरलेल्या बाजूची खरी काळजी निर्णयात उतरली. सुवार्ता यत्किंचितही बदलली नाही, परंतु ती एकमेकांसोबत कशी जगायची हे ऐकल्यामुळेच ठरले.

ऐकणे आणि ठाम राहणे यांत विरोध नाही, हे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातूनही दिसते. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला. त्याने मागे कुजबुज केली नाही, आणि पेत्र नक्की काय करत होता हे त्याने स्वतः पाहिले होते. अथेन्समध्येही मूर्तींनी भरलेले नगर पाहून त्याचा आत्मा आतून संतापला होता (प्रेषितांची कृत्ये 17:16). तरी तो तेथे फिरला, त्यांची पूजास्थाने नीट पाहिली, "अज्ञात देवाला" हा लेख वाचला आणि त्यांच्याच कवींचे शब्द उद्धृत केले. मनातला संताप आधी निवेल आणि मग मी ऐकेन, अशी वाट तुम्ही पाहत असाल तर पाहू नका. संताप असतानाही ऐकता येते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी ही गोष्ट आपल्या लेखनाची शिस्तच बनवली. त्यांच्या धर्मशास्त्राच्या बृहद्ग्रंथात प्रत्येक प्रश्नाची सुरुवात त्यांच्या मताच्या विरोधातल्या आक्षेपांनी होते, आणि ते आक्षेप मोडकेतोडके न मांडता पुरेशा बळाने मांडलेले असतात. त्यानंतर ते आपले उत्तर देतात आणि शेवटी एकेका आक्षेपाकडे परत येतात. ॲरिस्टॉटलवरच्या भाष्यात ते म्हणतात की ज्यांचे मत आपण स्वीकारतो आणि ज्यांचे नाकारतो, त्या दोघांवरही प्रेम करावे, कारण दोघांनीही सत्याच्या शोधात कष्ट घेतले आणि दोघांचेही आपल्याला साहाय्य झाले. असे लिहिणाऱ्याचा विश्वास डळमळीत होता असे कोणीही म्हणणार नाही. मला तर उलट दिसत आले आहे. ज्यांनी विरोधी बाजू कधी धडपणे ऐकलीच नाही, त्यांचा विश्वास पहिल्या अवघड प्रश्नाला हादरतो.

समोरचा माणूस उद्धटपणे बोलतो किंवा तो बाहेरचा आहे, म्हणून त्याचे म्हणणे बाद होत नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेल्या मठाच्या नियमावलीचा पहिला शब्दच "ऐक" असा आहे. तिच्या तिसऱ्या अध्यायात महत्त्वाच्या कामी सर्व बंधूंना सल्ल्यासाठी बोलवावे असे सांगितले आहे, कारण पुष्कळदा प्रभू अधिक चांगली गोष्ट लहानाला प्रकट करतो. 61व्या अध्यायात तर दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या पाहुण्या संन्याशाचा विचार आहे. त्याने प्रेमाने व नम्रतेने काही दोष दाखवला, तर प्रभूने त्याला कदाचित याचसाठी पाठवले असेल, असा विचार मठाधिपतीने करावा. त्याचबरोबर असा पाहुणा अवाजवी मागण्या करणारा किंवा दुर्गुणी असेल तर त्याला जायला सांगावे, असेही तोच अध्याय सांगतो.

त्यावरून मर्यादांकडे येतो. तीताला लिहिलेल्या पत्रात फूट पाडणाऱ्या माणसाला टाळायला सांगितले आहे, पण एकदा आणि दुसऱ्यांदा बोध केल्यानंतर (3:10). योहानाच्या दुसऱ्या पत्रातला घरात न घेण्याचा आदेश येशू ख्रिस्त देहाने आला हे नाकारत फिरणाऱ्या उपदेशकांविषयी आहे, आणि बाप्तिस्म्याच्या वयाबद्दल वेगळे मत असणाऱ्या दिराला तो लावणे हा त्या वचनाचा विपर्यास होईल. नहेम्याने आपले विरोधक सनबल्लट व गेशेम यांचे भेटीचे निमंत्रण चार वेळा नाकारले, कारण त्यांना आपले अनिष्ट करायचे आहे हे तो जाणून होता (6:2-4). हेरोदाने पुष्कळ प्रश्न विचारले तरी प्रभूने त्याला काहीच उत्तर दिले नाही (लूक 23:9). म्हणून ज्याच्याकडून तुम्हाला मारहाण, धमकी किंवा अपमान सोसावा लागतो, त्याच्यासमोर ऐकत बसण्याची सक्ती कोणी शास्त्राच्या नावाने करू लागला, तर ती नाकारावी. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पीडित बहिणींवर ऐकण्याचा उपदेश लादला गेलेला मी पाहिला आहे आणि त्याचे मला दुःख आहे. ऐकण्याचे नाटक हा आणखी एक दोष आहे. बोहेमियाचा धर्मसुधारक यान हुस अभयपत्र घेऊन कॉन्स्टान्सच्या परिषदेत गेला, माझी चूक शास्त्रावरून दाखवा म्हणत राहिला, आणि 6 जुलै 1415 रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले. परिषद भरली होती आणि प्रश्नही विचारले गेले होते, पण हुसला बोलावले होते ते माघार घ्यायला लावण्यासाठी.

आता तुमच्या दिरांविषयी. सर्वांच्या देखत किंवा जेवणाच्या वेळी हा विषय काढू नका, कारण तेथे दोघांनाही जिंकावे लागते. भेट ठरवून मागा आणि आधीच सांगा की आज मला उत्तर द्यायचे नाही, तुमचे म्हणणे समजून घ्यायचे आहे. मग वचनांच्या यादीऐवजी त्यांना असे विचारा : बालकांना बाप्तिस्मा दिल्याने नेमके काय हरवते असे तुम्हाला वाटते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा वादात कधीच आलेले नसते. कदाचित ते म्हणतील की लहानपणी झालेल्या विधीवर विसंबून माणसे आयुष्यभर पश्चात्तापाशिवाय राहतात, आणि मग तुम्हाला आढळेल की ही काळजी तुम्हालाही आहे. कदाचित ते वेगळेच काही सांगतील. जे सांगतील ते तुमच्या शब्दांत त्यांना परत सांगा आणि विचारा, "मी बरोबर मांडले का? काही राहिले का?" ते नाही म्हणाले तर पुन्हा ऐका. "हो, मला हेच म्हणायचे आहे" असे ते म्हणेपर्यंत तुमचे उत्तर राखून ठेवा. माझ्या अनुभवात याला कित्येकदा दोन-तीन भेटी लागतात. मधल्या दिवसांत त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करा, मात्र त्यांचे मत बदलावे अशी प्रार्थना या काळात करू नका. त्यांचे म्हणणे कळावे एवढेच मागा.

त्यानंतर तुमची बाजू मांडा आणि ती पूर्ण मांडा. कराराचे चिन्ह, म्हणजे सुंता, आठव्या दिवसाच्या बालकालाही दिले जात होते, लुदियेचा बाप्तिस्मा तिच्या घराण्यासह झाला, आणि आपण प्रीती करण्याआधी देवाने आपल्यावर प्रीती केली, असे तुम्हाला वाटत असेल तर ते संकोच न करता सांगा. ते तुमचे याच रीतीने ऐकतील याची हमी मी देऊ शकत नाही. त्यांनी मध्येच तोडले तर "मला एवढे पूर्ण करू द्या" असे म्हणण्याचा अधिकार तोपर्यंत तुम्ही मिळवलेला असेल. शेवटी दोघेही आपापल्या मतावर राहिलात तर मतभेद काय आहे हे एका कागदावर दोघांनाही मान्य होईल अशा एक-दोन वाक्यांत लिहून काढा आणि घरातल्या इतरांना त्याविषयी सांगताना त्याच वाक्यांना धरून राहा.